जुनी गाडी आणि जुनी गाडी

आमच्या एका बचत गटात कर्जाची मागणी आली आहे. पापड-कुरडयांचे डबे बाजारात न्यायला एका ताईंना वीस वर्षांची मारुती 800 घ्यायची आहे. एजंटाने त्यांना सांगितलंय, "घेऊन ठेवा, जुन्या गाड्यांची किंमत वाढतच जाते. परदेशात बघा!" म्हणून आज परदेशातली एक जुनी गाडी आणि आपली मारुती शेजारी-शेजारी उभ्या करू.

इंग्लंडची जग्वार ई-टाइप 1961 साली आली. सहा सिलिंडरचं 3.8 लिटरचं इंजिन, आणि कंपनी सांगायची वेग ताशी 240 किलोमीटर. लांबी जवळपास साडेचार मीटर, बसायला माणसं मात्र दोन. आपली मारुती 1983ची. तीन सिलिंडर, 796 सीसी, ताकद जग्वारच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढी. लांबी सव्वातीन मीटर, तरी चौघं आरामात बसतात. लग्नसराईत किती बसतात ते विचारू नका! हे जमतं, कारण मारुतीचं इंजिन आडवं बसवलंय आणि ते पुढचीच चाकं फिरवतं. जग्वारमध्ये लांबलचक इंजिन उभं, आणि त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायला गाडीच्या मधून दांडा जातो. जागा तिथेच संपते.

मग जग्वारला भाव का? सगळ्या मिळून त्या बनल्या साधारण 72 हजार, आणि 1970च्या दशकात बंदही झाल्या. उरलेल्यांसाठी हौशी श्रीमंत बोली लावतात. मारुती 800 तर 2014पर्यंत बनत होती, 25 लाखांहून जास्त बनल्या. स्टीलचा डबा कितीही जुना झाला तरी सराफ तो घेत नाही, तसंच हे. पण याच कारणाने तिचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात, आणि कुठलाही मिस्त्री ती खोलतो. जग्वारचे तीन कार्बोरेटर जुळवायला त्यातलाच जाणकार लागतो.

आपल्याकडे 'व्हिंटेज' हा शब्द कुणीही वापरतं, पण 2021पासून त्याला नियम आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि मूळ रूपातली गाडीच त्यात बसते. तशी नोंद झाली की ती प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, धंद्याला अजिबात नाही. पहिली मारुतीसुद्धा 2033च्या आधी पन्नाशी गाठत नाही. एजंटाला एवढंच ऐकवा.

खरा हिशेब वेगळा आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. वीस वर्षांची गाडी म्हणजे ती वाढीव पाच वर्षंही संपत आलेली! म्हणून आरसीवर मुदत कधीपर्यंत आहे ते आधी बघा. बँकेचा बोजा उतरलाय का, चेसिस नंबर जुळतो का, हेही. पायाखालची रबरी मॅट उचलून पत्रा गंजलाय का ते पाहायला लाजू नका. रेस दिल्यावर निळसर धूर आला, तर इंजिन ऑइल जाळतंय. तो खर्च मोठा.

कर्जाचे हप्ते नोंदणीच्या मुदतीच्या आत फिटले पाहिजेत, असं आमच्या गटाने ठरवलंय. पुढच्या बैठकीला ताई आरसीची झेरॉक्स आणणार आहेत, आणि सध्या टेम्पोभाड्याला महिन्याला किती जातात त्याचा कागदही.