गाळणी, पण चाळणी नव्हे!



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाटात मुसळधार पाऊस, त्यात धुके. पाहता पाहता मोटारीची समोरची काच आतून धुरकट झाली. पंखा पूर्ण वेगाने सुरू केला. आवाज वाढला, पण काचेवर हवा येत होती ती जेमतेम फुंकरीएवढी! रस्ता दिसेना. रुंद जागा पाहून गाडी थांबवली, काच पुसली, खिडक्या थोड्या उघडल्या आणि हळूहळू घाट उतरलो. ‘‘बाबा, पंखा तर फिरतोय, मग हवा जाते कुठे?’’ नववीतल्या माझ्या मुलीने विचारले.

उत्तर घरी परतल्यावर मिळाले. मोटारीत येणारी हवा एका फिल्टरमधून गाळून येते. पुष्कळ मोटारींत तो डाव्या बाजूच्या आसनासमोरील खणाच्या मागे असतो. काहींत तो बॉनेटखाली असतो. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. आम्ही इंजिन बंद करून किल्ली काढली, खण रिकामा केला, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला. मागचे अरुंद झाकण उघडून फिल्टर अलगद ओढला. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. फिल्टरच्या घड्यांत त्याची बारीक पाने आणि काळी धूळ गच्च भरली होती!

आता हा फिल्टर काम कसे करतो? तुम्ही म्हणाल, ‘‘त्यात काय, चहाच्या गाळणीसारखे!’’ पण गंमत इथेच आहे. फिल्टरच्या तंतूंमधल्या फटी कित्येक धूलिकणांहून खूप मोठ्या असतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कण २.५ मायक्रॉनहून लहान. एवढे बारीक कण मोठ्या फटींतून निसटत का नाहीत?

मोठे कण जडत्वामुळे सापडतात. एसटी वळली की आपण जसे बाजूला कलंडतो, तसेच तंतूला वळसा घालणाऱ्या हवेबरोबर जड कणाला वळता येत नाही. तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो व चिकटतो. अतिसूक्ष्म कणांची गोष्ट उलटी. हवेचे रेणू त्यांना सतत धक्के देतात, त्यामुळे ते वेडेवाकडे भटकत तंतूला जाऊन भिडतात. अशी गती रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यातील सूक्ष्म कणांत पाहिली आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये तिचा उलगडा केला.

मग पकडायला सर्वांत अवघड कण कोणते? सर्वांत लहान नव्हे, तर मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे! त्यांना पुरेसे जडत्व नाही आणि पुरेशी भटकंतीही नाही. म्हणून अनेक फिल्टरांतील तंतूंवर विद्युतभार ठेवलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू कण ओढतात. म्हणूनच असा फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये.

घड्या कशासाठी? एक गणित करू. फिल्टर २० सेंमी लांब व २० सेंमी रुंद आहे, म्हणजे ४०० चौ. सेंमी. त्यात २.५ सेंमी खोलीच्या ३० घड्या असतील, तर प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरून एकूण क्षेत्रफळ ३० × २ × २.५ × २० = ३००० चौ. सेंमी होते, म्हणजे साडेसातपट! हवा संथपणे व कमी अडथळ्याने जाते. घड्या धुळीने बुजल्या की हेच क्षेत्रफळ घटते आणि पंखा नुसता घोंघावत राहतो. शिवाय धुळीचा थर बसला की विद्युतभाराचा प्रभावही ओसरतो.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवरील बाण पाहा. तो हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवतो. जुना काढतानाच त्याच्या बाणाची दिशा टिपून ठेवावी. जुना फिल्टर झटकू नका, पिशवीत बंद करा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा फिल्टर धूळ अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून गाडीत कधीही बसू नका.

घरी मोटार असेल, तर मोठ्यांच्या मदतीने एक प्रयोग करा. गाडी मोकळ्या जागेत उभी असताना हवेच्या झरोक्याच्या वरच्या कडेला पातळ कागदाची पट्टी चिकटवा. पंख्याचा वेग तोच ठेवून फिल्टर बदलण्यापूर्वी व नंतर पट्टी किती अंशांनी उचलली जाते, ते कोनमापकाने मोजा. आमच्या पट्टीतला फरक पाहून मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे हवा कुठे गेली नव्हती, ती अडली होती!’’