लाइट गेली, वेळा का बदलल्या?

कोल्हापुरात वळीव आला की लाइट मिनिटात तीनदा जाते-येते. मग मशिदीच्या भिंतीवरच्या डिजिटल घड्याळात इशाची जमात कधी भलत्याच वेळेला दिसते. चालू वेळ बरोबर असते, कारण तिला छोटी बॅटरी असते. बिघडतात त्या बटणं दाबून भरलेल्या वेळा. रमजानात सहरीची वेळ अशी बदलली तर?

यंदा आमच्या वर्गातल्या मुलांनी आर्डुइनो उनोवर असंच घड्याळ केलं, तेव्हा आम्ही कारण शोधलं. वीज एका झटक्यात जात नाही, 5 व्होल्टवरून उतरत जाते. उनोवरच्या चिपला 16 मेगाहर्ट्झला नीट चालायला सुमारे 3.8 व्होल्ट लागतात. पण ती रीसेट होते 2.7 व्होल्टला. मधल्या क्षणांत ती भ्रमिष्टासारखी नको तिथे काहीही लिहून बसू शकते. ही मर्यादा 4.3 व्होल्ट करता येते. त्यासाठी चिपचा ‘फ्यूज’ बदलायचा. नाव फ्यूज, पण आहे ती सेटिंगच.

तरी एक अडचण उरतेच. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला 3.3 मिलिसेकंद लागतात. नेमकी तेव्हाच लाइट गेली तर मजकूर अर्धवट. म्हणून मुलींनी प्रत्येक वेळेच्या दोन प्रती ठेवल्या, सोबत आकड्यांची बेरीज. एक प्रत पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. बेरीज जुळली नाही तर ती प्रत बाद. दोन्ही बाद झाल्या तर घड्याळ नुसत्या आडव्या रेघा दाखवतं.

नवं घड्याळ घेताना वेळा भरा, आणि भरता भरताच दहा-पंधरा वेळा प्लग काढून पाहा.