खारा वारा, कोरडा जांभा आणि घरातला ए.सी.



गळीत हंगाम आटोपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बेअरिंगे उघडली जातात, विद्युत विभागाची मंडळी मेगर घेऊन मोटरींचे इन्सुलेशन तपासतात आणि अर्थिंग मोजतात. यंत्र चालू होते, मग उघडायचे कशाला, असे तिथे कोणी विचारत नाही. घरच्या यंत्राला मात्र हा नियम आपण लावत नाही. वैभववाडी-कणकवलीकडच्या आपल्या सभासदांचे कितीतरी सोयरे मालवण, तारकर्ली, देवबागला आहेत. तिथे न्याहारी-निवासाच्या खोल्या निघाल्या, पर्यटकांसाठी ए.सी. बसले, आणि आता घरच्या माणसांच्या खोलीतही बसू लागले. बसवताना चर्चा होते ती टनाची, स्टारची आणि हप्त्याची. अर्थिंगचा विषय निघतच नाही.

किनाऱ्यावर हाच विषय आधी निघायला हवा. सड्यावरच्या घराखाली जांभा. पावसाळ्यात तो पाणी धरतो, पण शिमग्यानंतर सुकत जातो, आणि सुका जांभा वीज सहजी वाहू देत नाही. ए.सी. दिवसरात्र चालतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे अर्थिंग सर्वांत दुबळे असते तेव्हाच! देवबागसारख्या पुळणीच्या जागी उलट तऱ्हा. पाणी हाताभर खाली लागते, ओल भरपूर, पण ते खारे पाणी लोखंडी पाईप आणि पट्टी खाऊन टाकते. वरून सगळे शाबूत, खाली जोड तुटलेला.

आता थोडा हिशेब करू. दीड टनाचा ए.सी. साधारण सात-आठ अँपियर घेतो, म्हणून त्याला १६ किंवा २० अँपियरचा एम.सी.बी. बसवतात. समजा आतली वायर घासून फेज पत्र्याला टेकली आणि अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. एम.सी.बी. पडणारच नाही! पत्रा मात्र जिवंत राहील. मग ओल्या हाताने कोणी बाहेरच्या युनिटला टेकला, तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. “जरासो करंट लागता, काय होणा नाय,” असे म्हणून दिवस काढणारी घरे आहेत. जरासा करंट ही सूचना असते. ती मिळाली की यंत्र बंद करून वायरमनला बोलवावे.

यावर उपाय म्हणजे आर.सी.सी.बी. जाणारी आणि परतणारी वीज यांत ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. अर्थिंग थोडे कमी पडले तरी तो आपले काम करतो. एम.सी.बी. वायर वाचवतो, आर.सी.सी.बी. माणूस वाचवतो, दोन्ही लागतात. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबावे. पडला नाही तर तो बदलावा.

काही वायरमन एक सोपी युक्ती करतात. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. टेस्टर लावला की सारे ठीक दिसते. पण वाऱ्यात लाईनचा न्यूट्रल तुटला, तर तीच वीज ए.सी.च्या पत्र्यावर येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यात किती खांब आडवे झाले आणि किती गावे अंधारात राहिली, हे सर्वांना आठवत असेल. अशी जोडणी कोणी केली असेल तर आजच काढून घ्या.

खड्ड्याबद्दल भारतीय मानक ३०४३ सांगते की गॅल्व्हनाइज्ड पाईप निदान अडीच मीटर लांब असावा. कातळ लागला तर थोडा तिरका घालता येतो. जागा निवडताना आपल्या बायाबापड्यांची अक्कल वापरावी. न्हाणीचे पाणी जिथे केळीला किंवा माडाला जाते, तिथली माती मे महिन्यातही ओली असते. खड्डा तिथे घ्यावा. ते शक्य नसेल तर शिमग्यापासून मृगापर्यंत आठवड्याला दोन कळशा पाणी खड्ड्यात ओतावे.

आता ए.सी.कडे. आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवावी, हे घरची पोरेही करतील, फक्त आधी एम.सी.बी. खाली पाडावा, नुसता रिमोट नव्हे. बाहेरच्या युनिटवर खाऱ्या वाऱ्याचा थर बसतो, ॲल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या होऊन झडू लागतात. मग गारवा कमी, बिल जास्त. महिन्यातून एकदा पुरवठा तोडून गोड्या पाण्याने हलक्या धारेने पात्या धुवाव्यात. विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने नको. शक्य तर युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावूच नये. झाकण उघडणे मात्र मेकॅनिकचे काम. आतला कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही वेळ भरलेला असतो. नव्या यंत्रांतला आर-३२ वायू पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर त्याहून लवकर, तेव्हा गॅस भरताना जवळ बिडी-काडी नको.

साध्या बोर्डावरून, पंख्याच्या वायरीला जोडून ए.सी. चालवू नये. त्याला मीटरच्या बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर हवी. प्लग गरम लागला किंवा काळा पडला, तर आत जोड सैल झाला आहे. खारी हवा पितळेच्या पिनाही सोडत नाही.

१ जानेवारी २०२० पासून स्टारवाले नवे ए.सी. चालू करताच २४ अंशांवर येतात. ते खाली नेण्याची गरज नसते. सोबत पंखा लावला की २६ वरही झोप लागते.

खांबावरची वायर तुटून अंगणात पडली असेल तर जवळ जाऊ नये, गुरांनाही जाऊ देऊ नये, आणि १९१२ वर महावितरणला कळवावे. घरात कोणी चिकटला तर आधी मेन स्विच, मग माणूस. स्विच दूर असेल तर कोरडा बांबू घ्यावा आणि स्वतः कोरड्या फळीवर उभे राहावे. ओली माडाची झावळ उचलू नये, तिच्यातूनही वीज येते.