मुक्त आज्ञावलींचे श्रमदान : प्रत्येक हातास काम

गावचा रस्ता श्रमदानाने बांधावयाचा ठरला म्हणजे कोणी पहार चालवितो, कोणी घमेली वाहतो, तर वयोवृद्ध मंडळी काम करणाऱ्यांना पाणी देतात. रस्ता पूर्ण झाल्यावर तो सर्वांचा असतो. संगणकाच्या क्षेत्रातही अशा श्रमदानाची परंपरा आहे. तिला ‘मुक्त स्रोत’ किंवा ‘ओपन सोर्स’ असे म्हणतात. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली. मुक्त आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो आणि इतरांस देता येतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत अशा मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चे काम छंद म्हणून आरंभिले व इतरांची मते मागविली. आज ॲन्ड्रॉइड पद्धतीच्या मोबाईल फोनच्या गाभ्याशी हेच लिनक्स आहे. लिनक्ससारख्या मोठ्या प्रकल्पात आता अनेक जण वेतन घेऊन काम करतात. तथापि असंख्य लहान प्रकल्प अजूनही फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या बळावर चालतात.

निष्णातांचेच काम काय ?

हे काम केवळ निष्णात तंत्रज्ञांचे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. आज्ञावली लिहिणे हा प्रकल्पाचा एक भाग झाला. तिची माहितीपुस्तिका लिहिणे, दोष आढळल्यास तो कोणत्या क्रमाने घडला हे नोंदविणे, पडद्यावरील शब्दांचे भाषांतर करणे, नवख्यांच्या शंकांना उत्तरे देणे, ही कामेही तितकीच आवश्यक असतात.

मराठीचेच उदाहरण घ्यावे. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजन येतील. ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाकी येतील. पहिल्या शब्दात ‘य’च्या डोक्यावर रफार आहे, तर दुसऱ्यात ‘य’पूर्वी अर्धा ‘र’ आहे. हिंदीत हा दुसरा प्रकार रूढ नाही. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या कुशल तंत्रज्ञाच्या नजरेतून एखाद्या टंकातील ही चूक सहज निसटेल. प्राथमिक शाळेतील शिक्षक मात्र ती तत्काळ दाखवून देईल. ‘लिबरऑफिस’ ही लेखन व हिशेबाची मुक्त आज्ञावली आणि ‘फायरफॉक्स’ हा न्याहाळक मराठीतून वापरता येतात, यामागे अशा भाषांतराचेच श्रम आहेत.

स्वागत म्हणजे व्यवस्था

‘सर्वांचे स्वागत असो’ अशी पाटी लावल्याने मात्र माणसे टिकत नाहीत. ज्या प्रकल्पांत नवागत रुळतात तेथे काही गोष्टी जाणीवपूर्वक केलेल्या असतात. सोपी व लहान कामे निवडून, ती नवशिक्यांसाठी आहेत अशी खूण करून राखून ठेवलेली असतात. काम कसे सुरू करावे हे पायरीपायरीने लिहिलेले असते. पाठविलेल्या पहिल्या दुरुस्तीस लवकर उत्तर मिळते, आणि ती नाकारावी लागली तरी कारण सौम्य शब्दांत सांगितले जाते. पहिल्याच प्रयत्नास उपहास वाट्यास आला, तर तो मनुष्य बहुधा पुन्हा फिरकत नाही.

भाषेच्या सौजन्याचे महत्त्व मोठमोठ्यांनाही उशिरा पटले. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या आपल्या कठोर पत्रांबद्दल जाहीर क्षमा मागितली व काही काळ कामातून रजा घेतली. त्याच सुमारास लिनक्स प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली.

नवख्यांच्या हातून काम बिघडेल, ही भीती स्वाभाविक आहे. परंतु सुव्यवस्थित प्रकल्पात नवख्याची दुरुस्ती अनुभवी व्यक्तीने तपासल्यावाचून स्वीकारली जात नाही. शिवाय ‘गिट’ या २००५ सालापासून प्रचारात आलेल्या साधनामुळे कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते, आणि चुकीचा बदल मागे घेता येतो.

एकट्याच्या खांद्यावरील ओझे

दारे उघडी ठेवणे हा केवळ औदार्याचा प्रश्न नाही. त्यात सुरक्षिततेचाही भाग आहे. ‘एक्सझेड’ ही माहितीचा संक्षेप करणारी लहानशी आज्ञावली अनेक लिनक्स प्रणालींत वापरली जाते. तिची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक विनावेतन करीत होता व तो थकला होता. अशा वेळी एका अपरिचित व्यक्तीने मदतनीस म्हणून दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला, आणि २०२४ च्या आरंभी आज्ञावलीत गुप्त चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. त्याने मूळ शोधले व २९ मार्च २०२४ रोजी सर्वांस सावध केले.

या घटनेवरून नवागतांना दूर ठेवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. थकलेल्या एकट्या माणसापाशी आलेली मदत पारखून घेण्याइतके बळ उरलेले नव्हते, हा त्यातील खरा बोध होय. काम करणारे अनेक असावेत, तसे तपासणारेही अनेक असावेत. आजचा नवशिका उद्याचा तपासनीस होतो; म्हणूनच त्याला शिकविण्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

ज्या शाळेत संगणक आहे तेथील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मराठी आज्ञावलीतील एखादा चुकीचा शब्द अथवा मोडलेले जोडाक्षर टिपून संबंधित प्रकल्पास कळविले, तरी या श्रमदानास आरंभ झाला असे समजावे. घमेले लहान असले तरी त्यातील माती रस्त्यावरच पडते.