तीन घरं, एक शेड आणि एक वही

रविवारी सकाळी दहा वाजले की आमच्या परसातल्या शेडचं दार कुरकुरतं. मग हत्यारांची पेटी जमिनीवर आपटते आणि पाठोपाठ सासऱ्यांची हाक येते, "सूनबाई, पाच कप चहा!" एकेकाळी इथे सहा म्हशींचा गोठा होता. म्हशी गेल्या आणि गोठा काही वर्षं रिकामा पडला. आता तिथे तीन घरांच्या तीन जुन्या गाड्या आहेत. आमची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, जिला घरात सगळे अजून फियाटच म्हणतात. पलीकडच्या गल्लीतल्या अण्णांची १९८३ ची अँबॅसॅडर. आणि माझ्या मावसदिरांनी कोल्हापूरहून आणलेली जीप.

तुम्ही म्हणाल, बेळगावात गॅरेजं कमी आहेत का? नाहीत. पण जुन्या गाडीचं काम गॅरेजवाल्याला परवडत नाही. त्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची असते, आणि आमच्या गाड्यांना एकेका भागासाठी महिनोन् महिने थांबावं लागतं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, अँबॅसॅडर २०१४ मध्ये बंद झाली. सुटे भाग शोधायला मुंबईत कुर्ल्याचं भंगार नाहीतर बंगळुरूचा जे. सी. रोड. गंमत म्हणजे पद्मिनी जिथे बनत असे, ते कुर्लाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली, त्या दिवशी सासरे बातम्या बघताना बराच वेळ काही बोलले नाहीत.

जे मिळत नाही ते करून घ्यावं लागतं. त्या बाबतीत आपलं गाव भाग्यवान. उद्यमबागेत लेथ आहेत, फाउंड्र्या आहेत. जुना नमुना हातात दिला की बुश कातून मिळतो, ब्रेकचा ड्रम साफ करून मिळतो. पण एका माणसाने एका बुशसाठी जाणं आणि तिघांनी मिळून तीन कामं नेणं, यात फरक पडतो. जॅक, चेन-पुली, वेल्डिंग मशीन हे तीन घरांनी तीनदा घ्यायचं कशाला? असा हिशेब करून शेड सुरू झाली.

भाषेची अडचण कधीच आली नाही. अण्णा वाक्य कन्नडमध्ये सुरू करतात आणि मराठीत संपवतात. पाना सगळ्यांसाठी पानाच. काका, काकू, वैनी ही नाती तर आपल्याकडे दोन्ही भाषांत तशीच चालतात. आरटीओचा कन्नड अर्ज अण्णा वाचून दाखवतात. जीप महाराष्ट्रातली, एमएच ०९ ची. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडची एनओसी, इथला कर, हेलपाटे. सीमेवरच्या घरांना हे नवीन नाही.

अडचण आली ती जागेची. शेडमध्ये चेन-पुली एकाच ठिकाणी, मधल्या तुळईला टांगलेली. इंजिन उतरवायचं तर गाडी मधल्या जागेतच हवी. अण्णांची अँबॅसॅडर तिथे आली, इंजिन खाली उतरलं, हेड निघालं, पिस्टन निघाले, आणि गाडी तिथेच राहिली. चार चाकं काढून स्टँडवर चढवलेली, त्यामुळे ढकलूनही हलेना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. फियाटच्या गिअरबॉक्समधून आवाज येत होता, तो उतरवायचा तर मधली जागा मोकळी नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात एका रविवारी सासऱ्यांचा तोल गेला. "अण्णा, ते धूड आता हलवा. नाहीतर भंगारात घाला!" अण्णा फडक्याला हात पुसत म्हणाले, "इरली बिड्री," आणि घरी गेले. पुढचे तीन रविवार ते आलेच नाहीत. अक्का भाजीबाजारात भेटल्या तेव्हा हसल्या, पण थांबल्या नाहीत. वीस वर्षांचा शेजार एका गाडीपायी तुटतो की काय, अशी वेळ आली.

शेडची वही माझ्याकडे असते. विजेचं बिल, ग्रीस, ऑइल, वेल्डिंगच्या कांड्या, कुणी किती दिले, कुणाच्या गाडीला काय आणलं, सगळं त्यात. त्या तीन रविवारांत एकदा रात्री मी ती सहज चाळत बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. सामायिक खर्चाचा अण्णांचा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा होता, एकदाही चुकला नव्हता. पण त्यांच्या स्वतःच्या गाडीपुढे चौदा महिन्यांत एकही नोंद नव्हती. साधं ऑइल फिल्टरसुद्धा नाही. सिलिंडरचं बोअरिंग, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग... हा खर्च त्यांना झेपत नव्हता. त्या वर्षी धाकटीचं लग्न झालं होतं. आणि हे आम्हाला सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी वही यांना दाखवली, यांनी सासऱ्यांना. सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्वतः अण्णांच्या घरी गेले. उसने पैसे देऊ केले असते तर अण्णांनी दारातूनच परत पाठवलं असतं. सासऱ्यांनी वेगळंच काढलं. अण्णा वायरमन म्हणून निवृत्त झालेले. फियाटचं सगळं वायरिंग त्यांनी बदललं, जीपचा डायनॅमो त्यांनी दुरुस्त केला, शेडमधले दिवेसुद्धा त्यांचेच. सासरे म्हणाले, "या कामाची मजुरी आम्ही वहीत कधी धरलीच नाही. चूक आमची आहे. ती आता धरू."

तेव्हापासून वहीत नवा रकाना आला: मजुरी जमा. बाहेरचा मेस्त्री जे घेईल त्याच्या निम्मे. त्यात अण्णांचे इतके निघाले की बोअरिंगचा बराचसा खर्च भागला. इंजिनचा ब्लॉक उद्यमबागेत गेला आणि तिघांनी ठरवलं की एका वेळी एकच गाडी मधल्या जागेत, आणि ती होईपर्यंत सगळे तिच्यावरच. तीन गाड्यांवर तीन माणसं स्वतंत्र खपत होती तेव्हा एकही पुरी होत नव्हती.

वहीच्या पहिल्या पानावर नियमही लिहिले आहेत. हत्यार वापरलं की पुसून जागेवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, स्टँड आधी. एकदा जॅक सरकला तेव्हा आमचा मुलगा गाडीखाली शिरण्याच्याच बेतात होता. तो क्षण आठवला की आजही माझे हातपाय गार पडतात. इंजिन सुरू करायचं तर दोन्ही दारं उघडी, कारण त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. जुन्या ब्रेकची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. आणि जून लागायच्या आत उघड्या लोखंडाला ऑइलचा हात. आपल्या पावसात सिलिंडरला गंज चढायला वेळ लागत नाही.

गाड्या पुऱ्या झाल्या का, असं विचाराल तर नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, त्याची फी २०२२ पासून बरीच वाढली आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळी व्हिंटेज नोंदणी आली, पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. फियाटला पन्नाशी गाठायला २०२८ उजाडेल. सासऱ्यांना तर तिच्यातून सूनबाईला बाजारात न्यायचंय, त्यामुळे त्यांना ती व्हिंटेज नकोच आहे.

अँबॅसॅडरचं इंजिन गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा धूर सोडला आणि तिसऱ्यांदा धरलं. अण्णा बॉनेटला हात टेकून नुसते ऐकत उभे होते. दुसऱ्या दिवशी, आमची खंडेनवमी आणि त्यांची आयुधपूजा, शेडमध्ये एकत्रच झाली. तिन्ही गाड्यांना झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं, पाटावर पाने, पक्कड, हातोडी. अक्कांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वैनी, ती वहीपण ठेवा की पाटावर."