तंबूच्या मुक्कामाची सुरी : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय ठेवावे

पावसाळा सरला की शनिवार-रविवारी सोमाटणे फाट्यावरून बेबडओहोळच्या बाजूने पवना धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. धरणाच्या काठी तंबू ठोकून राहणारे, लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग हे गड चढणारे, असे हे गिऱ्हाईक आहे. त्याला दोरी लागते, कोळसा लागतो, विजेरी लागते आणि बंद न होणारी एक चांगली सुरीही लागते. ही सुरी तो बहुधा घरबसल्या मागवतो आणि चकचकीत पात्याला भुलून फसतो. हाच माल आपल्या कारागिरांनी बनवला आणि आपल्या दुकानदारांनी समजून विकला, तर त्यात दोघांचाही फायदा आहे. मात्र हा धंदा जपून करण्याचा आहे. म्हणून आज या विषयाची थोडी तपशिलात माहिती देत आहोत.

प्रथम नावाचे पाहू. या सुरीला बाजारात सर्रास ‘हंटिंग नाइफ’ म्हणतात. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याची उरलीसुरली सोयही गेली. म्हणजे शिकारीची सुरी म्हणून जे विकले जाते, त्याचा इथला कायदेशीर उपयोग दोरी कापणे, चुलीसाठी काटक्या सोलणे, भाजी चिरणे आणि विकत आणलेली मासळी किंवा कोंबडी साफ करणे, एवढाच. दुकानाच्या पाटीवर ‘शिकार’ हा शब्द घालण्याचे काही कारण नाही. ‘मुक्कामाची सुरी’ म्हणा, ‘कॅम्पची सुरी’ म्हणा.

आता मापाकडे वळू. शस्त्र कायद्याच्या नियमांतील यादीत तलवार, खंजीर, भाले यांच्या जोडीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकूही येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आमचे मत असे की या मर्यादेच्या जवळपासही जाण्याची गरज नाही. तंबूच्या कामाला ४ ते ५ इंच लांब, इंच-सव्वा इंच रुंद आणि ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे पाते पुरते. त्याहून लांब पाते हातात मिरवायला बरे, कांदा चिरायला अवघड. दुधारी, खंजिराच्या आकाराचा माल तर दुकानात ठेवूच नये. पाठीवर करवतीसारखे दात काढलेल्या सुऱ्या सिनेमा पाहून घेतल्या जातात. त्या दातांनी लाकूड धड कापले जात नाही आणि पाठीवर दगडाने ठोकून काटकी फोडण्याचीही सोय राहत नाही.

पोलाद कोणते घ्यावे, हा खरा प्रश्न. जुने लोहार ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद वापरत आले, आणि ते चुकीचे नव्हते. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असतो. त्यामुळे ते कडक होते, पण काचेसारखे तुटत नाही. धार बोथट झाली तर दगडावर लवकर परत येते. मात्र भंगारातला पाटा वर्षानुवर्षे हादरे खाल्लेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. कारखान्यातून उरलेले नवे तुकडे मिळाले तर चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्यावेत. या पोलादाचा दोष एकच, ते गंजते. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा मावळात हा दोष लहान नाही.

न गंजणाऱ्या पोलादात दहा-अकरा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते. पण ‘स्टेनलेस’ एवढेच शब्द पाहून माल भरू नये. स्वस्त पात्यांत कार्बन इतका कमी असतो की ती चकाकतात, पण धार धरत नाहीत. ‘४२०’ जातीचे पोलाद मऊ बाजूचे, ‘४४०-सी’ त्याहून बरेच कडक. ‘डी-२’ नावाचे हत्यारांचे पोलाद कमानपाट्याच्या आणि न गंजणाऱ्या पोलादाच्या मधले. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या घरात असते, धार फार दिवस टिकते, पण साध्या दगडावर ती परत लावताना गिऱ्हाइकाचा जीव मेटाकुटीला येतो. ज्याला सुरीची निगा राखण्याची सवय नाही त्याला न गंजणारी द्यावी, आणि जो दर महिन्याला गडावर जातो त्याला कमानपाट्याची.

पोलादापेक्षाही महत्त्वाचे ते त्याला दिलेले पाणी. कारागीर बांधवांना हे सांगायला नकोच, तरी कमानपाट्याबाबत एक चूक वारंवार होते. कोयता-विळ्याच्या सवयीने ते साध्या पाण्यात विझवले जाते आणि पात्याला तडा जातो. पाते तापवून लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की अजून थोडी आच द्यावी आणि कोमट तेलात विझवावे. इतके झाल्यावर ते फार ठिसूळ असते. तसेच विकले तर पहिल्याच मुक्कामात टोक उडेल. २०० अंशांच्या आसपास तास-दीड तास, असे दोन वेळा तापवून त्याचा ताठरपणा उतरवावा. यासाठी भट्टीपेक्षा साधा ओव्हन बरा, कारण आच सारखी राहते. परीक्षा सोपी आहे. धारेवर कानस घसरली पाहिजे, चावता कामा नये. धार लावताना चाकावर पाते निळे पडले तर तिथली सगळी मेहनत वाया गेली असे समजावे. महाराष्ट्रातल्या शिकलगारांच्या घराण्यांत ही जाण पिढ्यान् पिढ्या आहे. आज त्यांतले कितीतरी हात दुसऱ्या कामाला लागले आहेत, याची खंत वाटते.

मुठीबद्दल थोडेच. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध असावे आणि दोन्ही बाजूंनी शिसवाच्या पट्ट्या खिळ्यांनी बसवाव्यात. हाच मजबूत मार्ग. पण तो एकमेव नव्हे. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्यांचे शेपूट बहुधा मुठीत थोडेच आत जाते, पाते पातळ असते, तरी त्या जगभर खपतात, कारण पोलाद आणि पाणी चोख असते. मूठ ओल्या हातात फिरत नाही ना, एवढे मात्र घेणाऱ्याने हातात धरून पाहावे.

आता विकणाऱ्याची जबाबदारी. या धंद्याचे नाव एकदा बिघडले की काय होते ते रामपूरने पाहिले आहे. तिथल्या घडीच्या चाकूचे नाव हिंदी सिनेमाने गुंडांशी जोडले आणि १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली. अनेक कारागिरांना तो हुन्नर सोडावा लागला. आपल्याकडे कोयत्याच्या गुन्ह्यांनी तीच वेळ येऊ घातली आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात. अशा वेळी हत्यार जवळ बाळगून फिरता येत नाही. सोमाटणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे, तर पवना काठ पुणे ग्रामीण पोलिसांकडे येतो. म्हणजे तासाभराच्या प्रवासात हद्द बदलते आणि आदेशही वेगळा असू शकतो. सबब गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे : सुरी म्यानात घालून सामानाच्या तळाशी ठेवा, कमरेला लावून बाजारात हिंडू नका.

दुकानदाराने प्रत्येक सुरीची पक्की पावती द्यावी, तीवर पात्याची लांबी लिहावी आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता वहीत टिपून ठेवावा. वयाने लहान मुलगा आला तर विकू नये, मग तो कितीही पैसे देवो. उद्या चौकशी झालीच तर ही वहीच आपली साक्ष देईल. बकरी ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावण्याचे काम करणाऱ्यांनी हा माल जोडधंदा म्हणून ठेवला, तर उरलेल्या महिन्यांत हातांना काम राहील. फक्त दोन्ही माल वेगळे मांडावेत, कारण कातडी सोडवायच्या पात्याची ठेवण आणि काटकी फोडायच्या पात्याची ठेवण एक नसते.

सुरीबरोबर चामड्याचे म्यान द्याल तर हेही सांगा, की घरी परतल्यावर पाते त्यात ठेवू नये. चामडे ओल धरते. पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून ठेवावी.