झांजेचा आधार

पितळी ताट हातातून निसटून फरशीवर पडले, की त्याचा झणत्कार घरभर घुमतो. पण त्याच्या कडेला बोट लागताच तो तत्काळ विरतो. नाद धातूतून उमटतो खरा, परंतु तो किती काळ टिकेल हे त्या धातूला कोठे व कसे धरले आहे, ह्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आघात होताच धातूचा पत्रा थरथरू लागतो. हेच कंपन होय. एर्न्स्ट क्लाडनी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे कंपन डोळ्यांना दिसेल असे केले. पत्र्यावर वाळू पसरून कडेवर व्हायोलिनचा गज फिरविला, की थरथरणाऱ्या भागांवरील वाळू उडे व स्थिर रेषांवर जाऊन बसे. झांजेसारख्या गोल पत्र्याची कड सर्वांत अधिक हलते; मध्य मात्र बहुतेक कंपनांत जवळजवळ स्थिर असतो. म्हणूनच झांजेला छिद्र पाडतात ते मध्यभागी. वारकऱ्यांच्या टाळांतही मध्यातूनच दोरी ओवलेली असते. त्या दोरीमुळे टाळ हाती राहतो आणि त्याची कड मोकळी राहते.

पाश्चात्त्य ड्रमवाद्यांच्या संचातील झांज लोखंडी स्टँडवर बसवितात. तेथे दोरीची जागा दांडा घेतो आणि तेथेच दोष संभवतात. वरची चाकी फार आवळली, तर झांज जखडली जाते व नाद खुंटतो. छिद्राची कड उघड्या दांड्यावर घासली, तर खरखर ऐकू येते. कालांतराने छिद्र झिजून लांबट होते आणि तेथून पत्रा तडकण्याचा संभव असतो.

ह्यावरील उपाय घरीही करता येतो. प्रथम दांड्यात एक रुंद वायसर घालावा. त्यावर, छिद्रातून सहज जाईल अशी पातळ रबरी नळी दांड्याभोवती चढवावी, म्हणजे धातूला धातू लागणार नाही. जाड नमद्याच्या किंवा जुन्या घोंगडीच्या, मध्ये भोक असलेल्या दोन चकत्या कापाव्या. एक झांजेखाली व दुसरी झांजेवर ठेवावी. शेवटी चाकी केवळ टेकेल इतपतच फिरवावी आणि ती सैल होऊ नये म्हणून तिच्यावर दुसरी चाकी आवळावी. आता झांजेच्या कडेला हलकेच बोट लावले असता ती झोपाळ्याप्रमाणे डुलली पाहिजे. ती डुलत नसेल, तर दोन्ही चाक्या किंचित वर घ्याव्या.

ह्या उपायाने हलक्या धातूची झांज उत्तम होणार नाही, किंवा तडा गेलेली झांज सांधणार नाही. मात्र चांगल्या झांजेचा जो नाद अडून राहिला होता, तो मोकळा होईल. भार पेलावा, पण हालचाल अडवू नये, हेच उत्तम आधाराचे लक्षण होय.